दोन बोटांची ढील

लडाखला निघायच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजला नेली तेव्हा माझ्या खिशात यादी होती. हँडगार्ड, जादा दिवे, मोबाइलचा होल्डर, चार्जर, सॅडल बॅगा, पेट्रोलचे कॅन. आमच्या मिस्त्रींनी यादी वाचली, घडी घालून परत दिली आणि ते गाडीशेजारी उकिडवे बसले. तर्जनीनं त्यांनी चेनचा खालचा पदर मधोमध उचलला आणि सोडला. चाक थोडं फिरवून पुन्हा उचलला.

"ही कुणी आवळली?"

मीच आवळली होती. लांब जायचंय म्हणून चांगली घट्ट केली होती.

"साहेब, अशी नेलीत तर इंदूरच्या पुढं गिअरबॉक्स रडायला लागेल. दोन बोटं खेळली पाहिजे ही."

दोन बोटं म्हणजे साधारण पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर. नेमका आकडा गाडीगाडीनुसार बदलतो आणि बहुधा मागच्या चाकाजवळच्या एका स्टिकरवर छापलेला असतो. चार वर्षं मी त्या स्टिकरवरचा चिखल पुसला होता, पण त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं आणि माझी तयारीची कल्पनाच उलटी झाली. मला वाटत होतं, लांबच्या प्रवासाची तयारी म्हणजे गाडीला वस्तू लावणं आणि जे सैल आहे ते आवळणं. मिस्त्री दिवसभर जे करत होते ते वेगळंच होतं. ते जागा सोडत होते. कुठे दोन बोटं, कुठे नाण्याची जाडी, कुठे केसाएवढी. गॅरेजच्या भाषेत याला 'प्ले' म्हणतात. मराठीत 'ढिलाई' हा ठपका आहे, पण संक्रांतीला गच्चीवर उभ्या असलेल्या पोराला विचारा, ढील देता येत नसेल तर पतंग किती वेळ टिकतो!

चेनला ही ढील का लागते, ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. इंजिनातून बाहेर आलेलं छोटं स्प्रॉकेट एका जागी पक्कं असतं. मोठं स्प्रॉकेट मागच्या चाकावर असतं, आणि ते चाक ज्या दोन दांड्यांच्या टोकाला बसवलेलं असतं त्या स्विंग आर्मला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. खड्डा आला की चिमटा वर-खाली हलतो. पण तो ज्या पिव्हटभोवती हलतो तो पिव्हट छोट्या स्प्रॉकेटच्या मध्यावर नसतो, त्याच्या थोडा मागे असतो. म्हणजे चाक वर जाताना जो कंस काढतं त्याचं केंद्र एक, आणि चेन जिथून ओढली जाते ते केंद्र दुसरं. त्यामुळे चाक हललं की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतरच बदलतं. छोटं स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिघं एका सरळ रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त होतं.

आता मी काय केलं होतं ते बघा. गाडी सेंटर स्टँडवर उभी होती, मागचं चाक हवेत लोंबकळत होतं, चिमटा पार खाली गेलेला होता. तिथे चेन सैल दिसणारच. ती मी ताणली. मग त्या गाडीवर पंच्याहत्तर किलोचा मी आणि पस्तीस किलोचं सामान बसणार, मागचं सस्पेन्शन दबणार, तिन्ही बिंदू रेषेच्या जवळ येणार, अंतर वाढणार आणि चेनला द्यायला काहीच उरलेलं नसणार. मग प्रत्येक खड्ड्याला ती गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे खेचणार. आदल्या वर्षी दापोलीहून परतताना गाडीच्या पोटातून एक बारीक गुणगुण यायला लागली होती आणि पुढे बेअरिंग बदलावं लागलं होतं. तेव्हा मी रस्त्याला, पावसाला, अगदी पेट्रोललासुद्धा दोष दिला होता. गुन्हेगाराच्या हातात चोवीसचा पाना होता आणि तो आरशात रोज भेटत होता.

ही चेन तशी फार जुनी वस्तू आहे. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेन बनवली, आणि आज तुमच्या-माझ्या गाडीखाली फिरते ती मुळात तीच. चेनच्या पाकिटावर ५२० असा आकडा असतो, त्यातला पहिला ५ म्हणजे पाच-अष्टमांश इंच, दोन पिनांमधलं अंतर. मिलिमीटरमध्ये १५.८७५. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा इंच अजून आपल्या चेनमध्ये बसून आहे.

हिच्या कष्टांचा हिशेब मी एका रात्री वहीत मांडला. पुणे ते लेह मनालीमार्गे सुमारे अडीच हजार किलोमीटर. जाऊन-येऊन, तिकडची भटकंती धरून सहा हजार. मागच्या चाकाचा घेर दोन मीटर धरला तर तीस लाख फेरे. मागच्या स्प्रॉकेटला ३८ दात आणि चेनला शंभराच्या आसपास कड्या धरल्या तर प्रत्येक कडी अकरा लाख वेळा पूर्ण चक्कर मारते. एका चकरेत ती चार वेळा वाकते: छोट्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मोठ्यावर चढताना, उतरताना. म्हणजे एकेक सांधा चाळीस लाखांहून जास्त वेळा वाकतो. माणसाचा गुडघा इतक्या वेळा वाकायला वर्षं लागतात.

आपण म्हणतो 'चेन लांबली'. पण लोखंड ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून थोडं झिजतात, आणि शंभर ठिकाणची झीज एकत्र दिसते ती लांबी म्हणून. शंभर कड्यांची चेन सुमारे १५९ सेंटीमीटर असते. ती एक टक्का, म्हणजे सोळा मिलिमीटर वाढली की बदलायची वेळ आली. त्या वेळी एका सांध्यातली झीज असते ०.१६ मिलिमीटर, दोन-तीन केसांच्या जाडीची. एवढ्यावर चेनचं आयुष्य संपतं!

झीज रोखायला आजच्या चेनमध्ये पिनांच्या टोकांना बारीक रबरी कड्या असतात. त्या कारखान्यात भरलेलं ग्रीस आत कोंडून ठेवतात. आपण बाहेरून जे ९० नंबरचं ऑइल सोडतो ते त्या सांध्यात जातच नाही. ते रोलरसाठी, गंजापासून बचावासाठी आणि रबर कोरडं पडू नये म्हणून असतं. म्हणूनच वायर ब्रश आणि पेट्रोल घेऊन चेन लखलखीत करणारा उत्साही माणूस तिचा सर्वांत मोठा शत्रू. रबर फाटलं किंवा फुगलं की आतलं ग्रीस गेलं. मऊ ब्रश, थोडं रॉकेल, कोरडं फडकं आणि मग ऑइल, तेही प्रवास संपल्यावर चेन गरम असताना. सकाळी निघताना घातलेलं ऑइल बॅगांवर उडतं.

मिस्त्रींनी चाक फिरवून चेन दोनदा उचलली त्याचंही कारण होतं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक फिरवत गेलं की एका ठिकाणी ती सर्वांत ताठ लागते. दोन बोटं मोजायची ती तिथे.

चेन झाल्यावर टॅपेट. इंजिन रात्रभर थंड होऊ दिल्याशिवाय मिस्त्री त्याला हात लावत नाहीत. झाकण उघडून ते फिलर गेज नावाची पोलादी पात्यांची जुडी काढतात आणि रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक पातं सरकवून बघतात. फट किती? मिलिमीटरचा दहावा हिस्सा, कुठे त्याहून थोडी कमी, कुठे जास्त. ही फट का सोडायची, तर पोलाद तापलं की वाढतं. शंभर मिलिमीटरचा पोलादी दांडा शंभर अंशांनी तापला की ०.१२ मिलिमीटर लांब होतो, आणि इंजिनात तापमान शंभरावर थांबत नाही. थंडपणी फट ठेवली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटणारच नाही.

व्हॉल्व्ह मिटण्याचं महत्त्व मला आधी फक्त दाबापुरतं माहीत होतं. खरी गंमत उष्णतेची आहे. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या अंगावरून जळता वायू जातो, तो लालबुंद होऊ शकतो. त्याला थंड व्हायला मुख्य संधी मिळते ती बंद असताना, जेव्हा त्याची कड आपल्या बैठकीला टेकते आणि उष्णता इंजिनाच्या डोक्यात उतरते. सेकंदाचा एक अंश टेकायचं, गरमी देऊन टाकायची, पुन्हा उघडायचं. केसभर फट मिटली की ही विश्रांती संपते आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी जुनी होते तशी बैठक झिजून ही फट कमी होत जाते, त्यामुळे टॅपेटची टकटक हळूहळू बंद होते आणि मालक खूश होतो. आमचे मिस्त्री मात्र टॅपेट वाजला तर चहा पितात आणि गप्प झाला तर पाना उचलतात.

क्लचच्या लिव्हरलाही अशीच मोकळी जागा लागते, दोन नाण्यांच्या जाडीएवढी. ती नसेल तर आपण लिव्हर सोडलेली असली तरी केबल क्लचला किंचित ओढूनच धरते, प्लेटा घसरतात, आणि घाटात इंजिन ओरडतं पण गाडी चढत नाही. ही केबल अर्नेस्ट बाउडन यांच्या १८९६ च्या पेटंटची. आतली तार ओढते आणि बाहेरची नळी तेवढ्याच जोरानं ढकलते, म्हणून ती कशीही वळवली तरी चालते. तार एकदम तुटत नाही. टोकाजवळ एकेक धागा तुटत जातो, लिव्हर जड लागते आणि आपण म्हणतो, आज हात दुखतोय. जाणते लोक नवी केबल बॅगेत ठेवत नाहीत. ती जुन्या केबलच्या कडेनं, त्याच वाटेनं, दोन्ही टोकांना टेप लावून आधीच बसवून ठेवतात. जुनी तुटली तर टाकी न काढता पाच मिनिटांत टोकं बदलायची. या एका युक्तीसाठी मी गाड्या बनवणाऱ्या सगळ्या इंजिनिअरांपेक्षा गाड्या चालवणाऱ्यांना जास्त मार्क देईन.

ब्रेकमधली फट मला सर्वांत सुंदर वाटते, कारण ती कुणी मोजून ठेवत नाही, ती आपोआप तयार होते. डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर दाबली की तेलाच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबलं जातं. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे कोण आणतं? तिथे स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती त्याला चिकटून थोडी पिळली जाते, दाब गेला की सरळ होते, आणि सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेऊन येते. बस, एवढीच जागा, आणि चाक मोकळं. पॅड झिजलं तर पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरतो आणि नवी फट पुन्हा तेवढीच राहते. आठ-दहा वर्षं घाण बसून ही रिंग कडक झाली की ब्रेक घासत राहतो. म्हणून निघण्याआधी गाडी स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवायचं आणि कान लावायचा.

आणि ब्रेकचं तेल बदलायचं, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी. डॉट ४ प्रकारचं तेल हवेतली वाफ शोषून घेतं. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत माझ्या तेलानं किती पाणी प्यायलं असेल देव जाणे. तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. लिव्हर मुठीपर्यंत येते, गाडी मात्र थांबत नाही. ही एक ढील जीव घेणारी.

किती उष्णता होते म्हणाल, तर लेहच्या वरची खारदुंग ला ही खिंड घ्या. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि लोक तिच्याखाली फोटो काढत आले. मोजलेली उंची १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर. तीनशे किलोचं ओझं हा सगळा उतार फक्त ब्रेकवर उतरवलं, तर जी उष्णता तयार होते तिच्यात सतरा लिटर गार पाणी उकळेल. अर्धा हंडा भरून उकळतं पाणी, आणि ते सोसायचं दोन पातळ चकत्यांनी. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे बराचसा भार इंजिन घेतं.

आता उलट बाजू. काही जागा अशा असतात जिथे तसूभरही प्ले चालत नाही. हँडलची बेअरिंग, चाकांची बेअरिंग, चिमट्याचा पिव्हट. पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवायची. 'टक' लागलं तर हँडल खेळतंय, आणि ऐंशीच्या वेगाला तीच टक डोलायला लागते.

नट-बोल्ट आवळलेलेच हवेत, हे खरं, पण आवळणं म्हणजे काय हे मला उशिरा कळलं. आवळलेला बोल्ट ताणलेला असतो, रबरासारखा, फक्त ताण डोळ्यांना दिसत नाही. तो परत आखूड व्हायला बघतो म्हणून दोन भाग दाबून धरतो. कमी ताणला तर पकड नाही, जास्त ताणला तर तो कायमचा लांब होतो आणि पकड पुन्हा गेली. टॉर्क रेंच लागतो तो यासाठी. एकच सिलिंडर असलेलं इंजिन शंभर तास, मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी चाललं तर दोन कोटी चाळीस लाख हिसके बसतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला सैल करणारे हिसके मुख्यतः आडवे असतात. दोन भाग एकमेकांवर बाजूला घसरले की तेवढ्या क्षणापुरती आट्यांची पकड सुटते आणि बोल्ट स्वतःच उलटा फिरतो. कुणी हात न लावता! सामानाचं कॅरिअर नेमकं आडवंच हलत असतं. त्याचे चार बोल्ट रोज संध्याकाळी बघायचे.

तारांच्या चाकाचीही तीच कथा. छत्तीस बारीक स्पोक, एकही एवढा जाड नाही की वजन उचलून धरेल. दाबलं तर वाकतील. पण सगळे आधीपासून ताणलेले असतात, आणि चाक जमिनीला टेकतं तिथले खालचे स्पोक आपला थोडा ताण सोडून भार घेतात. ताण शून्यावर येत नाही तोवर स्पोक वाकत नाही, चाक गोल राहतं. तपासायला यंत्र लागत नाही. पान्याच्या टोकानं एकेक स्पोक छेडत जायचं. सगळे साधारण एका सुरात किणकिणले पाहिजेत. एखादा 'थप्' वाजला की तो सैल, शेजारच्यांवर जादा बोजा. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हे काम पाच मिनिटांचं आहे. मला स्पोक जुळवून चाकाचा आउट काढणाऱ्याकडे जावं लागलं.

टायरमधल्या हवेपाशी आलो आणि मी खरोखर थक्क झालो. गाडी, मी आणि सामान मिळून तीनशे दहा किलो. मागच्या टायरमध्ये ३२ पीएसआय, पुढच्यात २५. वजनाला दाबानं भागलं की जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ मिळतं: दोन्ही चाकांचं मिळून सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटर. आपलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं, म्हणजे १२६. पुण्यापासून लेहपर्यंत मी आणि माझा सगळा संसार एका पोस्टकार्डाहून जेमतेम मोठ्या रबराच्या ठिपक्यावर टेकलेलो असणार. ब्रेक, वळण, चिखल, सगळं त्या पोस्टकार्डावर लिहिलं जाणार.

पुढचा प्रश्न मित्रानं घातला: वर हवा विरळ, तर टायर फुगून फुटायचा नाही का? गेज दाखवतो तो दाब आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक असतो. पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब १३.७ पीएसआयच्या आसपास, खारदुंग ला वर सुमारे साडेसात. म्हणजे बाहेरचा आधार सहा पीएसआयनं गेला, गेजवर ३२ चे ३८ व्हायला हवेत. पण जूनच्या पुण्यात ३५ अंश आणि खिंडीत शून्य. थंडीनं आतली हवा आक्रसते. ३५ अंशांच्या घसरणीनं पाच पीएसआयच्या वर कमी होतात. उत्तर येतं ३३! हिमालयानं एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जवळजवळ सगळं काढून घेतलं. मात्र लेहमध्ये भर उन्हात गाडी उभी असेल तर थंडीचा हा सौदा होत नाही आणि आकडा तीन-चारनं वर दिसतो. हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना.

इंजिनाला अशी सवलत नाही. खिंडीत हवेचा दाब निम्म्यावर येतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, शंभरात एकवीस, पण एका श्वासात येणारी हवाच कमी. चारशे सीसीचं इंजिन दर खेपेला चारशे सीसीच ओढतं, त्यात माल मात्र निम्म्याच्या थोडा वर. ताकद तेवढीच उतरते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आणखी एक घोळ व्हायचा. हवा ज्या प्रमाणात घटते त्या प्रमाणात पेट्रोल घटत नाही, मिश्रण जड होतं, प्लग काजळतो. खाली पुण्यात चहाच्या रंगाचा निघणारा प्लग वर काळा कुळकुळीत निघायचा. लोक सोबत पेट्रोल कमी सोडणारे लहान जेट बाळगायचे आणि खिंडीच्या अलीकडे थंडीत बोटं फुंकत ते बदलायचे. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, आणि आता सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल आपणहून कमी करतो. आम्हाला जेट बदलायला मिळालं नाही याची हळहळ वाटते असं म्हणणारे काही जण भेटतात. त्यांनी ते कधी शून्य अंशात केलेलं नसतं.

पेट्रोलचा हिशेब मनालीच्या पुढे सुरू होतो. लाहौलमध्ये तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी गाजलेली आहे. पंधरा लिटरची टाकी आणि तीसचं अ‍ॅव्हरेज असेल तर कागदावर साडेचारशे किलोमीटर होतात, पण चढ, वाळू आणि पहिल्या गिअरमधले तास कागदाला कळत नाहीत. दोन-चार लिटर जादा हवेतच. आणि टाकी मात्र गळ्यापर्यंत भरायची नाही. पेट्रोल तापलं की अंशामागे हजारात एक भाग फुगतं. पहाटे पाच अंशांत भरलेले पंधरा लिटर दुपारी उन्हात पस्तीसला गेले की चारशे मिलिलिटरहून जास्त वाढतात. त्यांना मावायला जागा लागते. इथेही ढील आलीच. झाकणातलं हवेचं बारीक छिद्रही टाचणीनं बघून घ्या. ते बुजलं तर पेट्रोल वापरलं गेलेल्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात पोकळी होते, आणि भरलेल्या टाकीनिशी गाडी बंद पडते.

सामानाबद्दल फार बोलत नाही. जड ते खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, हलकं ते वर. माझ्या यादीतले जादा दिवे मिस्त्रींनी लावू दिले नाहीत. कॅरिअरवर ते आधीच चिडलेले होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी?" मी बारा सांगितले. वहीत मी बाराच्या बारा दिवस किलोमीटरनं भरले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा तर्जनीनं हवेतच काहीतरी उचलून दाखवलं. मी समजलो. बर्फाचं पाणी दुपारी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता चाकाच्या आसापर्यंत येतो, तेव्हा अलीकडे मुक्काम करून पहाटे ओलांडणं हाच उपाय. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस शरीराला विरळ हवेची सवय व्हायला द्यायचे असतात, त्यांत कुठेही चढायचं नसतं. मी ऑफिसात जाऊन सोळा दिवस मागितले. साहेबांनी पंधरा दिले.

तुम्ही यंदा निघणार असाल तर एवढं करा: नवी चेन टाकली असेल तर पाचशे किलोमीटर झाल्यावर, सगळं सामान उतरवून, चाक फिरवत ती सर्वांत ताठ लागते ती जागा शोधा आणि तिथे बोटानं उचलून बघा. नव्या चेनचे सांधे सुरुवातीला बसतात आणि ढील वाढते. पुण्याहून निघालात तर पाचशे किलोमीटर इंदूरच्या अलीकडे भरतात.